मंडळी हिशेब मागते तेव्हा: नव्या पंचांसाठी

वार्षिक सभेत तुमचं नाव पुकारलं गेलं, हात वर झाले आणि तुम्ही मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायाचे, पंच (कारभार पाहणाऱ्या कमिटीतले) झालात. कदाचित खजिनदार किंवा सेक्रेटरीही. पहिले दोन-तीन रविवार सगळे हात मिळवतात. मग एखाद्या रविवारी भक्ती संपल्यावर हातात एक लिफाफा येतो. आत पाच-सहा सभासदांच्या सह्यांचं पत्र. छताच्या दुरुस्तीसाठी किती जमले आणि किती खर्च झाले? दोन वर्षांचा ऑडिट रिपोर्ट सभेपुढे का आला नाही? हॉल ज्याला भाड्याने दिला तो कमिटीतल्या कोणाचा नातेवाईक आहे का? मागच्या कमिटीची मुदत संपल्यावरही वर्षभर निवडणूक का घेतली नाही?

त्या लिफाफ्याचं काय करायचं, ते इथे सांगतो. समोर आहेत त्या मुख्यतः महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंट मंडळ्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय), मेथडिस्ट, स्वतंत्र मंडळ्या. वसईकडच्या कॅथलिक धर्मग्रामांची (पॅरिशची) रचना वेगळी आहे, पण प्रश्न तेच येतात, म्हणून जिथे गरज आहे तिथे तेही येईल.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. ज्याच्याविषयी प्रश्न आहे त्याने एकट्याने उत्तर लिहायचं नाही. हा नियम पाळला तर निम्मे वाद तिथेच थंडावतात.

पोच द्या, मत देऊ नका

पत्र आलं त्याच आठवड्यात लेखी पोच द्या. तीन ओळी पुरतात: "आपले अमुक तारखेचे पत्र मिळाले. ते कमिटीच्या अमुक तारखेच्या बैठकीपुढे ठेवले जाईल. त्या बैठकीनंतर तीन आठवड्यांत लेखी उत्तर देऊ." आवक रजिस्टरला नोंद करा. रजिस्टर नसेल तर शंभर पानी वही घेऊन आजच सुरू करा.

या टप्प्यावर "यांच्यामागे कोण आहे" ही चौकशी करायची नाही. पत्र निनावी असलं तरी त्यात तपासता येईल असं काही असेल, म्हणजे तारीख, रक्कम, पावती नंबर, तर ते तपासा. नुसती शिवीगाळ असेल तर फाइलला लावा आणि पुढे चला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खुलासे सुरू करू नका. पत्र मिळालं आहे, उत्तर लेखी मिळेल, एवढं टाका आणि थांबा.

आणि पुलपिटवरून, म्हणजे उपदेशाच्या जागेवरून, उत्तर नको. हिशेबाचं पत्र आलं की पुढच्या रविवारी मोशेविरुद्ध उठलेल्या कोरहाच्या बंडावर उपदेश होतो, हे आपल्याकडे नवीन नाही. दुसरं आवडतं वचन म्हणजे स्तोत्र १०५ मधलं, अभिषिक्तांना हात न लावण्याचं. त्या स्तोत्रात ताकीद राजांना आहे, परक्या मुलुखात भटकणाऱ्या कुलपित्यांना त्रास देऊ नका म्हणून. ऑडिटरपासून बचाव व्हावा म्हणून ते लिहिलेलं नाही. सभासदाला तिथल्या तिथे उठून बोलता येत नाही, अशा जागेवरून त्याला उत्तर देणं हा अन्यायच आहे, आणि लोकांना तो कळतो.

पत्र सोडवून बघा

एका पत्रात बहुधा चार निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. काही प्रश्नांना फक्त माहिती हवी असते: किती जमले, किती खर्च झाले. काही ठिकाणी पद्धत मोडलेली असते: निवडणूक नाही, नोटीस नाही, ठराव नाही. काही थेट आरोप असतात. आणि काही नुसत्या नाराज्या, गायनमंडळ फार लांबवतं इथपासून पाळकसाहेब (पास्टर) घरभेटीला येत नाहीत इथपर्यंत. कागदाच्या एका बाजूला त्यांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवा, समोर कोणता प्रश्न कोणत्या प्रकारचा ते लिहा. माहितीच्या प्रश्नाला आरोप समजून उत्तर दिलं की भांडण तिथेच सुरू होतं.

एक प्रकार मात्र कमिटीच्या हातातला नाही. मुलाच्या किंवा मुलीच्या लैंगिक छळाची तक्रार असेल, तर तिच्यावर समिती नेमायची नाही, 'आधी आपसात बघू' म्हणायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. त्याच दिवशी कळवा. काम करणाऱ्या बाईची अशी तक्रार असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लागू होतो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती लागते, नसतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मंडळीचं नाव खराब होईल ही भीती इथे कोणी बोलून दाखवली, तर तिला बैठकीत जागा देऊ नका.

कागदावर तुमची मंडळी कोण आहे?

हा टप्पा नवे पंच हमखास गाळतात आणि पुढे अडकतात. रविवारी जी मंडळी भक्तीला जमते ती आणि कायद्याच्या नजरेतली संस्था एकच असेल असं नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांना (ट्रस्टना) १९५० चा कायदा लागू आहे. पूर्वी त्याला मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा म्हणत, आता नावात महाराष्ट्र आलं आहे. तुमची मंडळी किंवा तिची मालमत्ता धरणारी संस्था त्याखाली नोंदलेली असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत चॅरिटी ऑफिसात, तिचा नोंदणी क्रमांक आणि शेड्यूल एकचा उतारा असतो. उताऱ्यात विश्वस्तांची नावं, मालमत्ता, संस्थेचा कारभार कसा चालायचा ते असतं. पहिल्या महिन्यातच त्याची प्रमाणित प्रत काढा. पुष्कळ ठिकाणी उतारा हातात आल्यावर दिसतं की कागदावरचे विश्वस्त केव्हाच देवाघरी गेले आहेत. विश्वस्त बदलले किंवा मालमत्तेत बदल झाला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो वर्षानुवर्षं दिलेला नसला, तर सभासदांच्या 'निवडणूक का नाही' या प्रश्नामागे हा दुसरा, मोठा प्रश्न उभा असतो: आज सही करणाऱ्यांना सही करण्याचा अधिकार कुठून आला?

गुंत्याचं मूळ इतिहासात आहे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून अहमदनगरात (आजचं अहिल्यानगर) काम करत होतं. कोल्हापूर-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन, नागपूर-जालन्याकडे स्कॉटिश मिशन, मुंबई-पुण्यात अँग्लिकन. प्रत्येकाने आपापल्या नावाने जमिनी घेतल्या, बंगले, शाळा, दवाखाने बांधले. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. लोक एकत्र आले, पण सगळी कागदपत्रं एकत्र आली नाहीत. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं, की एकत्रीकरणाचा ठराव झाला म्हणून नोंदणीकृत न्यासाची मालमत्ता आपोआप सीएनआयकडे जात नाही, त्यासाठी कायद्यातली पद्धत पाळावी लागते. तेव्हा "ही जागा आपलीच आहे हो, आजोबांच्या वेळेपासून" हे उत्तर देण्याआधी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून त्यावर नाव कोणाचं ते बघा. स्थानिक पॅस्टोरेट (एका पाळकाच्या हाताखालची मंडळी), डायोसिसचा (बिशपांच्या प्रदेशाचा) ट्रस्ट, जुनं मिशन, काहीही निघू शकतं.

स्वतंत्र मंडळ्यांमध्ये वेगळी अडचण असते. पाळकाने स्वतः न्यास स्थापन केलेला, विश्वस्त म्हणजे पाळक, त्यांची पत्नी, मुलगा आणि एखादा मित्र. सभासदांना मत नाही, कारण न्यासपत्रात 'सभासद' असा वर्गच नाही. पाळकाने खुशाल सांगावं की कायदेशीर आहे, पण दशांश (मिळकतीचा दहावा भाग) देणाऱ्या माणसाला न्यासपत्राची प्रत वाचायला द्यायला कोणता कायदा आडवा येतो? अशा मंडळीत पंच झालात तर पहिली मागणी न्यासपत्राच्या प्रतीची करा, आणि दुसरी, घराबाहेरचे दोन विश्वस्त घेण्याची.

कॅथलिक धर्मग्रामात मालमत्ता आणि नेमणुका यांचा शेवटचा शब्द बिशपांकडे असतो, पण तिथेही सभासद रिकाम्या हाताचे नाहीत. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे (कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याप्रमाणे) प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे (कॅनन ५३७), लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना दिला पाहिजे (कॅनन १२८७), आणि आपलं म्हणणं धर्मगुरूंपुढे मांडण्याचा हक्क लोकांना आहे, काही वेळा ते कर्तव्यही आहे (कॅनन २१२). फादर "अशी पद्धत नाही" म्हणाले तर हे तीन आकडे नम्रपणे पुढे ठेवावेत.

उत्तर कोणी शोधायचं

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांनी कुरकुर केली, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. पहिल्याच मंडळीतली ही पैशाअडक्याची पहिली जाहीर तक्रार. प्रेषितांनी काय केलं? सगळ्या शिष्यांना बोलावलं, काम वेगळं काढलं आणि माणसं निवडायला मंडळीलाच सांगितलं. जे सात निवडले गेले त्यांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावं. म्हणजे ज्या बाजूची तक्रार होती, वाटपाची चावी बहुधा त्याच बाजूच्या माणसांकडे गेली. आपल्या किती कमिट्यांची ही हिंमत होईल?

तेव्हा तपासणीसाठी तीन माणसांची छोटी समिती नेमा. एक तक्रारकर्त्यांनी सुचवलेला, एक हिशेब समजणारा पण सध्याच्या किंवा मागच्या कमिटीत नसलेला, आणि एक बाहेरचा, शेजारच्या मंडळीतला किंवा डायोसिसने पाठवलेला. खजिनदाराविषयी प्रश्न असेल तर खजिनदार कागद देईल, प्रश्नांना उत्तरं देईल, पण समितीत बसणार नाही आणि अहवालाचा मसुदा करणार नाही. पाळकांविषयी प्रश्न असेल तर पंचांनी न्यायाधीश होऊ नये. मेनलाइन, म्हणजे जुन्या मोठ्या परंपरांच्या, मंडळ्यांमध्ये पाळकांची शिस्त बिशपांच्या अखत्यारीत येते, तिथे कागदांसह कळवा आणि कळवल्याची तारीख सभासदांना सांगा. समितीला काम काय, मुदत किती, कोणते कागद बघायचे, हे ठरावात लिहा. मुदत नसलेल्या समित्या आपण खूप पाहिल्या आहेत.

इथे दोन वचनं हमखास पुढे येतील. मत्तय १८: आधी एकांतात जाऊन सांग. ते भावाने भावाचा केलेला अपराध मिटवण्यासाठी आहे. सार्वजनिक निधीचा हिशेब हा कोणाचा खाजगी अपराध नसतो, तो विचारणाऱ्याला आधी एकट्याने पाळकांच्या घरी जाण्याची सक्ती करू नका. दुसरं, १ तीमथ्य ५: वडिलावरचा (मंडळीच्या पुढाऱ्यावरचा) आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नको. हे संरक्षण योग्य आहे, ऐकीव गोष्टीवर कोणाची अब्रू जाऊ नये. पण लगेच पुढच्याच ओळीत, पाप करणाऱ्यांचा दोष सगळ्यांसमोर पदरी घालायला सांगितलं आहे. वाचताना दोन्ही ओळी वाचाव्यात.

पैशाचा माग

समितीने कुठून सुरुवात करावी? बँक स्टेटमेंटपासून. कॅशबुक माणूस लिहितो, स्टेटमेंट बँक लिहिते. दोन्ही शेजारी ठेवा आणि महिना-महिना जुळवा.

मग दानाची मोजणी. दानाची थैली वेदीवरून कुठे जाते, कोण मोजतं, रक्कम वहीत कधी चढते, बँकेत कधी जाते? २ राजे १२ मध्ये योआश राजाच्या काळात मंदिराच्या डागडुजीचे पैसे याजकांकडे जात होते आणि डागडुजी होत नव्हती. शेवटी झाकणाला भोक पाडलेली पेटी वेदीजवळ ठेवली, आणि ती भरली की राजाचा चिटणीस व मुख्य याजक दोघांनी मिळून पैसे मोजायचे असं ठरलं. दोन माणसं, दोन वेगळ्या कार्यालयांतली. आजही याहून चांगली पद्धत नाही. मोजणारे दोघे एका घरातले नसावेत, दर महिन्याला बदलावेत, मोजणीच्या चिठ्ठीवर दोघांच्या सह्या असाव्यात, आणि सोमवारी पूर्ण रक्कम बँकेत जावी. 'थैलीतूनच वीजबिल भरलं' हा प्रकार बंद करा. (याच अध्यायात पुढे आहे की कामगारांना पैसे देणाऱ्यांकडून हिशेब घेत नसत, कारण ते प्रामाणिक होते. ते वचनही कोणीतरी काढेलच. त्यावर उत्तर: पेटी दोघांनी मोजून झाल्यानंतरची ती गोष्ट आहे.)

आपल्या मंडळ्यांत पैसा गळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. चोरी क्वचित असते, ढिलाई नेहमी. हंगामाच्या सणाचा (हार्वेस्ट फेस्टिव्हलचा) लिलाव घ्या. भोपळा, कोंबडी, केक यांची बोली उत्साहाने हजारांवर जाते, टाळ्या पडतात, आणि निम्मे पैसे 'पुढच्या रविवारी देतो' म्हणून राहतात. जाहीर केलेली रक्कम आणि जमा झालेली रक्कम यांतला फरक पुढे कोणाच्या तरी नावावर संशय म्हणून चिकटतो. बोलीची यादी, आलेले पैसे, येणं बाकी, तिन्ही लिहा. कॅरल पार्टीला मिळालेली पाकिटं, हॉलचं भाडं, दफनभूमीची फी, लग्नाची फी, या सगळ्याला छापील नंबरची पावती हवी. महिला संघ आणि तरुण संघ यांची वेगळी पासबुकं असतील तर त्यांचे हिशेबही मुख्य ताळेबंदात आले पाहिजेत. नाहीतर तो पैसा कागदावर कोणाचाच नसतो.

अलीकडची एक जागा: भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड. तो स्कॅन करून स्वतः दहा रुपये पाठवा आणि नाव कोणाचं येतं ते बघा. माजी खजिनदारांचं वैयक्तिक खातं निघालं तर कोड त्याच दिवशी काढा आणि त्या खात्याचं स्टेटमेंट मागा.

ठरावीक कामासाठी दिलेला पैसा त्याच कामाला लागला का, हा सभासदांचा सगळ्यात दुखरा प्रश्न. छतासाठी दिलेल्या पैशातून नाताळचा मांडव घातला तर मांडव देवाच्याच घराचा होता हे उत्तर चालत नाही. देणाऱ्याने छतासाठी दिले होते. वळवायचे असतील तर आधी सभेला विचारून ठराव करा.

परदेशातून येणाऱ्या पैशाबद्दल नव्या खजिनदाराने एवढं पक्कं लक्षात ठेवावं: भारतीय पासपोर्ट असलेला आपला सभासद दुबईत किंवा लंडनमध्ये असला आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दान देत असला तर ते परकीय योगदान ठरत नाही. त्याच घरातल्या मुलीने परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी, तिचं दान परकीय ठरतं, आणि एफसीआरए (परकीय योगदानाचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय ते घेता येत नाही. नोंदणी असेल तर २०२० च्या दुरुस्तीपासून ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवं, आणि मिळालेला पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

ऑडिट हा वर्षाच्या शेवटी काढायचा फोटो नाही. ३१ मार्चला हिशेब बंद झाला की सहा महिन्यांत ऑडिट व्हावं लागतं. ऑडिटर कोणाचा नातेवाईक नसावा. आणि ताळेबंदापेक्षा ऑडिटरने मागे जोडलेले शेरे आधी वाचा, खरी माहिती तिथे असते.

जमिनीचा प्रश्न आला तर

मिशनच्या जागा आज शहरांच्या मध्यावर आहेत, बिल्डरांच्या नजरा त्यांच्यावर आहेत, आणि सभासदांचा सगळ्यात खोल संशय इथेच असतो. कायदा स्पष्ट आहे. १९५० च्याच कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, बदलायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त, किंवा बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तरीही लागते. अकरा-अकरा महिन्यांचे करार वर्षानुवर्षं उलटवत नेणं ही पळवाट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिच्यावर प्रश्न आला तर चिडू नका.

जमिनीविषयीच्या प्रश्नाला उत्तर देताना विकास करार, कुलमुखत्यारपत्र, भाडेकरार, परवानगीचा आदेश, जे काही असेल त्याची प्रत जोडा. 'डायोसिस बघत आहे' हे उत्तर नाही, ती दिशा आहे. डायोसिसकडे मंडळीने लेखी विचारणा केली का, आणि केली असेल तर कधी, ते सांगा.

सभा कशी घ्यायची

भक्तीनंतर, लोकांना जेवणाची घाई असताना, दहा मिनिटांत 'काही प्रश्न?' असं विचारणं म्हणजे सभा नव्हे. वेगळा दिवस ठरवा, घटनेत जेवढी मुदत आहे तेवढी आधी नोटीस द्या, विषय नोटिशीत लिहा, आणि आकडे किमान आठवडाभर आधी लोकांच्या हातात द्या. ज्याला तिथल्या तिथे पहिल्यांदा ताळेबंद दिसतो तो प्रश्न विचारू शकत नाही, फक्त चिडू शकतो.

अध्यक्ष कोण? एरवी पाळक. विषय पाळकांचा असेल तर डायोसिसकडून कोणी मागवा, किंवा दोन्ही बाजूंना मान्य असा ज्येष्ठ सभासद बसवा. चिठ्ठ्यांची पेटी ठेवा. सासऱ्यांसमोर सून उठून विचारणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तरुण मुलांचंही तसंच. ज्याचं उत्तर आज नाही त्याला "आज माहीत नाही, अमुक तारखेला सांगतो" असं म्हणा आणि इतिवृत्तात तारीख लिहा. शेवटी इतिवृत्त तिथेच वाचून दाखवा. प्रार्थनेने सुरुवात करा, जरूर करा, पण आवाज चढला की 'आपण प्रार्थना करूया' म्हणून विषय मिटवू नका.

काही गोष्टी सभेत उघड करायच्या नाहीत आणि त्यावर ठाम राहायचं. गरजूंना दिलेल्या मदतीची एकूण रक्कम सांगा, नावं नाही. कोण किती दशांश देतं ते कधीच नाही. पाळकांकडे कोणी विश्वासाने जे बोललं तेही उघड करायचं नाही. पाळकांच्या पगाराची वेतनश्रेणी मात्र सांगायला हरकत नसावी, असं माझं मत आहे. लपवलेल्या पगाराविषयीच्या अफवा खऱ्या पगाराच्या दुप्पट असतात.

लेखी उत्तराचा नमुना

उत्तर पत्राच्या क्रमानेच द्यावं, एकेका प्रश्नाला एकेक परिच्छेद. आकडे कल्पित आहेत, साचा घ्या:

"प्रश्न १, छत निधी. एकूण जमा रु. ४,८२,०००. छतावर खर्च रु. ३,९७,५००, पावत्या क्रमांकानुसार सोबत. शिल्लक रु. ८४,५०० असायला हवी होती. बँकेत या निधीचे रु. ६१,५०० आहेत. फरक रु. २३,०००. ही रक्कम नाताळच्या मांडवासाठी वापरली गेली. त्यासाठी सभेचा ठराव झाला नव्हता. हे चुकीचे होते. सर्वसाधारण खात्यातून ही रक्कम अमुक तारखेपर्यंत छत निधीत परत जमा केली जाईल व बँकेची नोंद सूचनाफलकावर लावली जाईल."

बघा, यात कोणावर चिखलफेक नाही, क्षमायाचनेचा सोहळा नाही आणि 'काही गैरसमज झाले' अशी पळवाट नाही. चूक झाली असेल तर 'चुकीचे होते' हे दोन शब्द लिहा. आरोप खोटा निघाला तर तेही तितक्याच स्पष्ट लिहा आणि ज्याच्यावर आरोप होता त्याचं नाव आरोपमुक्त म्हणून इतिवृत्तात येऊ द्या. त्यालाही न्याय हवा असतो. पैसे खरोखर खाल्ले गेले असतील तर हप्त्याने परत घेऊन गुपचूप मिटवू नका. तक्रार कुठे करायची, ते वकिलाला विचारून कमिटीने ठरावाने ठरवावं.

तरीही समाधान झालं नाही तर

काही लोकांचं होणार नाही. त्यांना जाण्याचे रस्ते कमिटीने स्वतःच उत्तरात लिहावेत: डायोसिसकडे अपील, आणि न्यास नोंदलेला असेल तर धर्मादाय आयुक्त. न्यासात हितसंबंध असलेली व्यक्ती तिथे लेखी तक्रार करू शकते. आयुक्त कलम ४१ब खाली चौकशी लावू शकतात, कलम ४१अ खाली विश्वस्तांना निर्देश देऊ शकतात, आणि वारंवार हिशेब न देणाऱ्या किंवा मालमत्तेचा गैरवापर करणाऱ्या विश्वस्ताला कलम ४१ड खाली निलंबित किंवा दूर करू शकतात. हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती आयुक्तांच्या संमतीने दिवाणी दावाही लावू शकतात.

तक्रार करणाऱ्याला या काळात प्रभुभोजन नाकारणं, गायनमंडळातून काढणं, मुलाच्या बाप्तिस्म्याचा दाखला अडवणं, घरातल्या मयताला दफनभूमीत जागा देताना घोळ घालणं, यांतलं काहीही होऊ देऊ नका. हे सगळं घडतं म्हणून लिहितोय. दाखले आणि दफन यांचा वादाशी संबंध नाही असा ठरावच करून ठेवा, म्हणजे ऐन वेळी कोणा एकाच्या मर्जीवर राहणार नाही. मंडळीच्या पैशातून मंडळीच्याच सभासदांविरुद्ध वकील लावायचा असेल तर आधी सभेची मंजुरी घ्या. विश्वस्तावर वैयक्तिक आरोप असेल तर त्याची फी त्याने भरावी.

चॅरिटी ऑफिसची नोटीस आली तर मुदत बघा, लगेच पोच द्या, आणि मागितलेले कागद यादी करून, प्रत्येक पानाला नंबर घालून द्या. दिलेल्या यादीवर शिक्का मारून घ्या. तारखेला सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांनी जावं. मूळ पावतीपुस्तकं आणि इतिवृत्ताची वही सोबत न्या, पण ताब्यात देताना पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नका.